सहावा प्रश्न

विहाराच्या पायरीवर गावप्रमुख सोमबत वाट अडवून उभे राहिले.

"बुनलुआ, भावाला घरी ने. भिक्खू व्हायला डोकं लागतं. एवढं गाव जमलंय, हसं होईल."

"हसायला सुरुवात तुम्हीच करता काका, मग बाकीचे," बुनलुआ म्हणाली. "दीक्षेआधी सगळ्यांना प्रश्न विचारतात. यालाही विचारा. चुकला, तर मीच घेऊन जाते."

झाडाखाली चटईवर दोघा भावंडांची आजारी आई निजून होती. भिक्खू झालेल्या लेकाच्या पिवळ्या चीवराचं टोक धरून डोळे मिटायचे, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

खामफान आपल्या ताज्या मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत होता. चांगला तिशीचा बाप्या, पण अक्षर कळत नव्हतं. गाऊन सांगितलेलं प्रवचन मात्र एकदा कानी पडलं की तोंडी राही. म्हणून बुनलुआनं उत्तरंही त्याच चालीवर शिकवली होती. पाच रोगांची नावं घेतील, तेव्हा 'नत्थि भन्ते'. नाही, महाराज. सहाव्यापासून पुढं 'आम भन्ते'. होय, महाराज. घरी तो सहाव्यालाही 'नाही' म्हणून जाई. एकदा चाल लागली की थांबत नसे.

"येऊ द्या त्याला," आतून म्हातारे लुआंग पो म्हणाले. दीक्षा तेच देणार होते.

चीवर अंगावर आलं. प्रश्न सुरू झाले. कुष्ठ आहे?

"नत्थि भन्ते."

गळू? कोड? क्षय? फेफरं? दर वेळी तोच सूर, तेच उत्तर. दारात बुनलुआनं चौकट घट्ट धरली.

"मनुस्सोसि?" लुआंग पोंनी विचारलं. तू माणूस आहेस ना?

खामफानचे ओठ 'न'साठी उघडले, आणि तसेच राहिले.

"बघा," दारातून सोमबत हळूच म्हणाले. "एवढंसुद्धा सांगता येत नाही."

खामफाननं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुढं पाहिलं.

"आम भन्ते."

बुनलुआच्या तोंडून हुंदका निसटला. लुआंग पो सातवा प्रश्न विचारणार, तोच खामफान पुन्हा दाराकडे वळला आणि प्रवचनाच्या खड्या सुरात, सोमबतांकडे बघत म्हणाला,

"आम भन्ते."

कुणी हसलं नाही. लुआंग पोंनीही पुढचा प्रश्न लगेच विचारला नाही. तेसुद्धा सोमबतांकडेच बघत राहिले, त्यांच्या उत्तराची वाट बघावी तसे.