दाराशी अडणारी गाडी

“आली गं तुझी एक्स्प्रेस!” वामनराव बाहेरच्या खोलीतून ओरडले. ताराबाई खाटेवरून बघत होत्या. भिंतीलगतच्या फळीवरून औषधाची गोळी घेऊन येणारी ती वीतभर, खेळण्यातली आगगाडी रोजच्यासारखी दाराशी मंदावली आणि थांबली. बाहेरच्या खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून इतक्या लांब रुळांत वीज पुरत नसे. मग वामनराव आत येत, “तुझ्यासारखीच हट्टी,” म्हणत बोटाने गाडी ढकलत आणि जरा टेकत. बायकोचं दुखणं त्यांना बघवत नसे. आत यायला एवढंच निमित्त उरलं होतं.

पण रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसाला अडलेली गाडी सोसेना. दोन दिवस खपून त्यांनी रुळांच्या प्रत्येक तुकड्याला फळीखालून वेगळी वायर जोडली. तिसऱ्या दिवशी गाडी न अडखळता खाटेशी आली.

“पोचली का गं?” त्यांनी बाहेरूनच विचारलं.

“पोचली.”

पुढे चार दिवस नुसती गाडीच येत राहिली.

पाचव्या दिवशी गाडी दाराशी येताच ताराबाईंनी उशीवर गळून पडलेली केसांची पिन उचलली आणि दोन्ही रुळांवर आडवी ठेवली. त्या पिनेमुळे ट्रान्सफॉर्मर बंद पडला आणि गाडी दाराशीच थांबली.

“आता काय झालं हिला?” म्हणत वामनराव आत आले. रुळांवर त्यांना पिन दिसली. त्यांनी ती उचलून बायकोच्या केसांत खोवली. ती घसरली. पुन्हा खोवली, पुन्हा घसरली. पिन धरून ठेवण्याइतके केस आता उरलेच नव्हते.

ते मटकन खाटेवर बसले.

“बसा हो घटकाभर,” ताराबाई म्हणाल्या. “गाडी काही इतक्यात सुटत नाही.”