गुडघ्याखालचा पाय

उशीर

"पंधरा दिवसांत देतो म्हणालात, महिना झाला," बाई म्हणाली. "वेळेत माल दिला नाही तर ऑर्डर रद्द करायचा हक्क असतो गिऱ्हाइकाला. मी चौकशी करून आलेय."

कृत्रिम पाय बनवणारा कारागीर मान खाली घालून बक्कल घासत राहिला. चूक त्याचीच होती. उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीच्या आतलं अस्तर बाहेरगावाहून यायचं, ते अडकलं होतं.

"रद्द करायची का मग, ताई?"

"रद्द करून त्यांना काय कुबड्यांवर नाचवू? पाय द्या."

तिच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची होती. महिनाअखेरपर्यंत चालत येऊन दाखव, जागा ठेवतो, असं कंपनीने कळवलं होतं. कारागिराला ते ठाऊक होतं. साचा घ्यायला तो स्वतः चार जिने चढून गेला होता. "लवकर द्या, दादा. बसून बसून गंज चढलाय," नवरा हसून म्हणाला होता.

त्याच आठवड्यात पाय तयार झाला. "घालून बघितल्याशिवाय आम्ही देत नाही," कारागीर म्हणाला. "मी येतो घरी."

"येऊ नका. तुमच्यावर इतके चिडलेत, कुबडी फेकून मारतील. मी बसवते. कसा बसवायचा ते दाखवा."

त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याने दाखवलं.

घट्ट

चार दिवसांनी ती पाय परत घेऊन आली.

"रुततो. इथे." तिने स्वतःच्या गुडघ्याखाली बोट टेकलं. "रात्रभर कण्हतात."

बाकावर पट्टा बदलून घ्यायला आलेले एक आजोबा बसले होते. "नवऱ्यासाठी असं भांडणारं माणूस मिळायला नशीब लागतं," ते म्हणाले. "आमची म्हणते, बरं झालं, एक चप्पल वाचली."

बाई हसली नाही.

"साच्यात तर चूक नव्हती," कारागीर पुटपुटला.

"म्हणजे ते खोटं कण्हतात?"

"तसं नाही, ताई. जरा त्यांच्याशीच बोलतो." त्याने नवऱ्याला फोन लावला. रिंग बाईच्या पिशवीत वाजली.

"त्यांचा फोन माझ्याकडेच असतो," ती म्हणाली. "कंपनीवाले सारखे छळतात. माणसाला आराम नको?"

कारागिराने कानस घेतली आणि तिने बोट टेकलं होतं तिथे वाटी आतून घासली.

सैल

"आता डुगडुगतो. पडले असते काल."

दुकानात नवीन दोन गिऱ्हाइकं होती. बाईने आवाज खाली आणला नाही. ती दोघं एकमेकांकडे बघून उठली आणि नंतर येतो म्हणून निघून गेली.

कारागीर स्टुलावर बसला.

"ताई, तुम्ही पैसे परत घ्या. सगळे. पुलापलीकडे माझा एक ओळखीचा आहे, माझ्याहून हुशार. मी आत्ता शब्द टाकतो. महिनाअखेरच्या आत तो पाय देईल, नोकरी वाचेल."

"पैसे परत, बदलून किंवा दुरुस्ती. यातलं काय घ्यायचं ते गिऱ्हाइकाने ठरवायचं. मला दुरुस्ती हवी. तुमच्याकडूनच."

"पण वेळ कुठे आहे? ही वाटी आता घासून घासून…"

हातातली वाटी चांगली होती, निदान पहिल्या दिवशी होती, असं त्याला म्हणायचं होतं. पण ज्याच्या पायाला दुखतं त्याच्याशी वाद कसला घालायचा?

"तुमचे फार हाल होत असतील, ताई," तो म्हणाला.

"पूर्वी महिन्यातले चार दिवस घरी असायचे. आता आंघोळ मी घालायची, ताट मी न्यायचं. कुशीवर वळायचं तरी मला हाक." तिने पदराने कपाळ टिपलं. "तुम्हाला नाही कळायचं."

कारागिराने आत नवा थर बसवला. पाय कापडात गुंडाळून देताना तो म्हणाला, "या वेळीही नाही बसला तर मी हे काम सोडून देईन. माझ्यामुळे एक माणूस घरी बसला, हे ओझं मला पेलणार नाही."

"बघू," बाई म्हणाली.

घरपोच

चार जिने चढून ती घरी आली. पिशवी स्वयंपाकघरात ठेवली, हात धुतले, चहा टाकला आणि कप घेऊन आत गेली.

नवरा पलंगावर उठून बसला. "बरं झालं आलीस. तू नसलीस की घर खायला उठतं गं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

तिने त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"उद्या महिना संपतो," तो म्हणाला. "काय म्हणाला कारागीर?"

"अजून कामाला हातच लावला नाही म्हणाला," ती म्हणाली आणि फुंकर घालून कप त्याच्या ओठांशी नेला.