काठोकाठ प्याला

“डॉक्टर टेकले की पहिलाच प्याला काठोकाठ भर,” तुरुंगाधिकारी केनेशबेक दारातच मेदेरला दबक्या आवाजात म्हणाले. “त्यांना घोड्यावरून घाट उतरायचाय. बर्फाच्या आधी गेलेले बरे.”

मेदेरनं मान डोलावली. पाहुण्याला चहा घोटभरच ओतायचा, संपला की पुन्हा घोटभर. म्हणजे बसा, आम्हाला तुमचा कंटाळा आलेला नाही. काठोकाठ भरला, की पाहुण्यानं तो संपवायचा आणि टोपी उचलायची. हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं.

मेदेर कैदीच होता. दुसऱ्याच्या मेंढ्या आपल्या समजून हाकल्या, एवढंच. चहाला हात चांगला म्हणून साहेबांनी त्याला कचेरीत घेतलं होतं. पण आज त्याचा जीव चहाच्या समोवारात नव्हता. मागच्या बराकीत त्याचा सोबती सागिनबाय कालपासून उजवी कूस दाबून कण्हत होता. अंगात ताप, पोटात पाणी ठरत नव्हतं.

“साहेब, डॉक्टरांनी सागिनबायला नुसतं बघितलं तर?”

“मेंढीची चरबी चोळा म्हटलं ना?”

“चरबी तुमच्या स्वयंपाकघरात आहे, साहेब. आणि आजारी कैद्याला वेळेवर डॉक्टर मिळाला पाहिजे, असा कायदा आहे म्हणतात.”

“मग? आलाय की डॉक्टर. आणि पाहुण्यांसमोर तोंड उघडलंस तर अंधारकोठडी.”

साहेबांचं दुखणं निराळं होतं. डॉक्टर ‘इस्पितळात न्या’ म्हणाले असते तर गाडी लागली असती. तुरुंगाची एकुलती एक गाडी खालच्या गावातून साहेबांच्या लेकाच्या लग्नाच्या मेंढ्या आणायला गेली होती.

डॉक्टर एसेनकुल आत आले. माणूस भला, पण सदा घाईत. यायचे, चहा घ्यायचे, “सगळे ठणठणीत?” विचारायचे, आणि साहेब “ठणठणीत” म्हणाले की निघायचे. आजही त्यांनी टोपी काढली नव्हती.

मेदेरनं प्याला पुढे केला. प्याल्याचा तळ जेमतेम झाकला होता.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. डॉक्टर मात्र विरघळले. “अरे वा, कदर आहे इथं माणसाची,” म्हणत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसरा प्याला घोटभर. तिसराही. साहेबांनी डोळे वटारले, खोकून बघितलं. मेदेर नजर समोवाराला लावून ओतत राहिला. तोंड उघडायची बंदी होती, ओतायची नव्हती. आणि पाहुण्याच्या देखत ‘भर काठोकाठ’ म्हणायला साहेबांची जीभ रेटेना. पाहुण्याला असं हाकललं तर बाप कबरीतून उठून आला असता. डॉक्टर तीनदा उठायला गेले, तीनदा पुढ्यात घोटभर मान आला. ते बसले, पिठाचे तळलेले बोर्सोक खाल्ले, वर चहा प्याले.

अखेर जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांची चुळबुळ सुरू झाली.

“संडास कुठंय हो, केनेशबेक?”

साहेब पांढरे पडले. कचेरीच्या संडासाचा नळ गोठला होता. चालू होता तो मागच्या बराकीतला.

“भिंतीआड उरका की, डॉक्टर. कोण बघतंय?”

“या थंडीत? या वयात?” डॉक्टर ताडकन उठले. “चल रे, वाट दाखव.”

मेदेरनं वाट दाखवली. ती नेमकी सागिनबायच्या खाटेवरून जात होती.

डॉक्टर परतायला बराच वेळ लागला. आले ते थेट फोनकडे. इस्पितळाला शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगून ते साहेबांकडे वळले.

“अपेंडिक्स आहे. फुटायच्या बेतात. गाडी बोलवा.”

“गाडीत मेंढ्या आहेत, डॉक्टर.”

“मग त्यांना उतरवा. त्यांना चालता येतं.”

गाडी आली. मेंढ्या अंगणात उतरल्या, सागिनबाय त्याच पेंढ्यावर चढला. जाताना त्यानं मेदेरचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मेदेरला रडू आलं, ते त्यानं थंडीवर ढकललं.

डॉक्टर कचेरीत येऊन बसले.

“इतकी वर्षं मी इथं चहाच पीत होतो,” ते म्हणाले. मग टोपी खुंटीला अडकवून त्यांनी प्याला पुढे सरकवला. “थोडाच ओत, बाळा. बाकीच्या बराकी बघायच्यात.”

मेदेरनं घोटभर ओतला. मग साहेबांचा प्याला ओढला आणि अगदी काठोकाठ भरला.

साहेबांनी तो निमूट संपवला, आणि जन्माच्या सवयीनं उठून, स्वतःच्याच कचेरीत टोपी शोधायला लागले.