न दाखवलेलं गाव

पगारवाढ मिळेपर्यंत फुकटचं जादा काम करायचं नाही, असं वैमानिकांच्या संघटनेनं ठरवलं. प्रवाशांना खिडकीबाहेरच्या गमती सांगणंही त्यात आलं. पंचाईत झाली कॅप्टनसाहेबांची. निवृत्तीआधीचं शेवटचं उड्डाण, डावीकडे त्यांचं गाव येत होतं, आणि आजवर ते दाखवल्याशिवाय त्यांनी विमान कधी पुढे नेलं नव्हतं. शेजारी सहवैमानिक, म्हणजे संघटनेचा चिटणीसच! साहेबांनी माइक उचलला. “मंडळी, आंदोलनामुळे आज काहीही दाखवणार नाही. डावीकडचं नदीचं वळण नाही, तिथली शाळा मुळीच नाही. तिच्या कौलांवर बसून मी विमानं बघायचो, खालून मास्तर ओरडायचे, हेही सांगणार नाही.” दाराआडून हशा ऐकू आला. “हे नियमात बसतं, सर?” चिटणीस गुरगुरला. “मी कुठे काय सांगितलं?” मग मान लांबवून चिटणीसानंही गाव पाहिलं. ‘सर’ विसरून तो हळूच म्हणाला, “काका, मास्तर काय ओरडायचे, तेही सांगू नका ना.”