पुसलेला थर

मी तोंडाचा आ करून दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पडलो होतो. हिरडी बधिर, गालात कापूस. कानांना मात्र भूल नव्हती. पुढच्या खोट्या दाताचा आधीचा स्क्रू माझ्या मधुमेही हाडाने धरलाच नाही. ऐन लग्नाच्या मांडवात, वाजवता वाजवता, दातासकट निसटला. तेव्हापासून सनई पेटीत पडून आहे. या नव्या टायटॅनियमच्या स्क्रूवर म्हणे औषधाचा थर असतो. तो हळूहळू विरघळतो आणि हाड स्क्रूला घट्ट धरतं.

“हे काय केलंस?” डॉक्टर कुजबुजले.

“वर पांढरं काहीतरी होतं, सर. चांगलं घासून पुसलं,” नवी सिस्टर म्हणाली.

म्हणजे औषध गेलं! आता दुसरा मागवतील, हिरडी शिवून घरी पाठवतील. पाठवू देत.

“काकांना काय कळतंय? दे तोच.” डॉक्टर माझ्यावर वाकले. “झालंच हं, काका. हलू नका.”

मी जिवाच्या आकांताने ‘आँ आँ’ केलं.

“दुखतंय का थोडं?” म्हणत त्यांनी बोट आत घातलं.

बाकीचे दात माझे स्वतःचे होते. हाडाने घट्ट धरलेले. मी ते मिटले.