शास्त्रीबुवांचा नियम

न्हावी पायरीशी येऊन बसला तरी व्यंकटशास्त्र्यांचा पाठ संपेना. ओसरीवर तीन तरुण मांडी घालून बसले होते. तिघांनाही निजामाच्या अदालतीत वकील व्हायचं होतं, आणि अख्ख्या वसमतेत तर्क शिकवणारा माणूस एकच होता. निदान तो माणूस तसं सांगायचा.

आज उदाहरण घरातच सापडलं होतं. शास्त्रीबुवांचा मुलगा तापाने गेला त्याला महिनाही झाला नव्हता, आणि सून अनुसूया केस काढू द्यायला तयार नव्हती. माजघरात ती डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी आवळून बसली होती. तिचं डोकं धरायला शास्त्रीबुवांची धाकटी विधवा बहीण द्वारकाबाई शेजारी तयार होती. दुसरा कुणी बाप असता तर रडला असता. हा सिद्धान्त मांडत होता.

“जिथे जिथे विधवेच्या डोक्यावर केस, तिथे तिथे घरात फिरून मरण. जिथे केस काढले, तिथे मरण नाही. दोन्ही बाजू जुळल्या की नियम पक्का. एक जरी उलटं उदाहरण निघालं तर नियम मोडला. समजलं?”

तिघांनी माना डोलावल्या. तेवढं त्यांना आधीपासूनच येत होतं.

“मामंजी,” दाराआडून अनुसूयेचा आवाज आला. “आत्याबाईंचे केस कधीच काढले. त्यानंतर या घरात सासूबाई गेल्या, भावजी गेले, आता हे गेले. मग नियम कुठं राहिला?”

सुनेने सासऱ्याला भर पाठात उलट विचारावं! शिष्यांतला सूर्यकांत जरा धीट होता. तो पुटपुटला, “गुरुजी, उदाहरण बराबर आहे.”

शास्त्रीबुवांचा चेहरा काळवंडला. मग त्यांच्या ध्यानात आलं, तिघे बघून राहिलेत आणि उद्या ही गोष्ट गावभर होणार. हरण्यातही मोठेपणा मिरवता येतो, ही विद्या मात्र त्यांना खरोखरच अवगत होती. त्यांनी उपरणं सावरलं.

“बराबर आहे. नियम खोटा! शास्त्रात आम्ही कुणाची भीड ठेवत नाही, स्वतःचीही नाही. न्हाव्याला परत पाठवा.”

शिष्य धन्य झाले. एकाने तर वाकून पायांना हात लावला. न्हाव्याने धोकटी उचलली. आत अनुसूयेला हुंदका आवरेना. शास्त्रीबुवा प्रसन्न मुद्रेने पुढच्या पाठाकडे वळले.

तेवढ्यात द्वारकाबाई माजघरातून बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी येत नसे. तिने लाल आलवणाचा पदर मागे टाकला. वस्तरा फिरून फिरून निबर झालेलं डोकं सगळ्यांसमोर उघडं पडलं.

“दादा,” ती म्हणाली, “मग माझे काहून काढले रे?”