वडिलांची चाळीस पुस्तके

बाकावरच्या गृहस्थांनी पुन्हा विचारले, "मग वडील रागावले नाहीत?"

बुकबाइंडर सावरून बसला. हा प्रश्न सहज विचारलेला नाही, हे तो पुरते ओळखून होता.

वाचनालयाच्या बांधणी विभागात एकच जागा भरायची होती आणि तिला वयाची अट होती. त्या अटीत तो अजून तीनच आठवडे बसणार होता. स्वतःचे दुकान बंद पडल्यापासून दोन वर्षे तो औषधांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता. पुस्तकाला पुन्हा हात लागला तर आज, नाहीतर या जन्मी नाही.

निघताना मेहुण्याने कानमंत्र दिला होता. "दाजी, मुलाखत आत होत नसते, बाहेर होते. तिथले मुख्य साहेब आधी उमेदवारांत येऊन बसतात. साधे कपडे, हातात काही नाही. आत नुसत्या सह्या होतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सोडून."

आणि प्रतीक्षालयात पाहतो तो काय, पाच उमेदवार मांडीवर जाडजूड फायली घेऊन ताटकळत होते, आणि कोपऱ्यात कानशिले पिकलेले हे एक गृहस्थ रिकाम्या हातांनी बसले होते. मेहुण्याच्या आयुष्यातील बहुधा हे पहिलेच खरे बोलणे असावे. बुकबाइंडर थेट त्यांच्याच शेजारी जाऊन बसला आणि कोणी विचारण्यापूर्वीच त्याने आपली ओळख सांगावयास प्रारंभ केला.

वडीलही बाइंडरच. त्यांच्या बोटांची खळ सणासमारंभालाही निघत नसे. आई फर्म्यांना, म्हणजे छापील तावांना, घड्या घाली.

"शिक्षण म्हणाल तर शाळेत नववी," तो म्हणाला होता. "पुढचं फर्म्यांवर झालं. सोळा-सोळा पानांचं. एका पुस्तकाचा शेवट वाचायचा, मग दुसऱ्याची सुरुवात."

"म्हणजे अर्धवटच की."

"अर्धवट खरं, पण पुष्कळ."

गृहस्थ हसले होते. त्यानंतर त्याने आयुष्यातील तो एक प्रसंग काढला. चौदाव्या वर्षी त्याने एका पुस्तकाच्या चाळीस प्रती शिवल्या, आणि चाळिसांतही तिसऱ्या फर्म्याच्या आधी चौथा घातला.

"नाही, रागावले नाहीत," तो आता म्हणाला. "जेवले, झोपले. सकाळी पाहतो तर दुकानात बसून एकेक पुस्तक उसवताहेत. मी दाभण घ्यायला गेलो, तर म्हणाले, 'तू बस. फक्त बघ.' दुपार टळेपर्यंत बघितलं. तेव्हापासून फर्मे मोजल्याशिवाय सुई ओवली नाही."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अहो, त्याला दोन शब्द बोला तरी. रडून मोकळा होईल पोर."

"'फक्त बघ.' असंच म्हणाले?"

"अगदी असंच."

गृहस्थांचे ओठ किंचित हलले.

"आपलं काही सांगा की," बुकबाइंडर अदबीने म्हणाला.

"माझं काय सांगणार? आश्रमात वाढलो. पुस्तकं बांधायला तिथंच शिकलो. वडिलांच्या नावाच्या रकान्यात रेघ ओढतो. कुणी घरची माहिती विचारली, की तोंडाला कुलूप लागतं."

शून्यातून वर आलेली माणसेच मोठ्या खुर्चीवर शोभतात, असा विचार बुकबाइंडरच्या मनास स्पर्शून गेला.

"तुमचे वडील," गृहस्थ सावकाश म्हणाले, "कुणालाही हवेसे वाटावेत असे होते."

इतक्यात दार उघडून शिपाई कोपऱ्यापाशी आला व म्हणाला, "चला, आत वाट बघताहेत."

गृहस्थ उठले, सदरा नीट केला, बुकबाइंडरच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेले. इतर उमेदवार फायली चाळीत राहिले. साहेब आपल्या खुर्चीवर गेले, याचा त्या बापड्यांना पत्ताही नव्हता. बुकबाइंडरला त्यांची मनापासून कीव आली.

अर्ध्या तासाने त्याचे बोलावणे आले. आत तिघे जण होते. मधल्या खुर्चीवर चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. ते गृहस्थ दिसेनात. बाजूस दुसरे दार होते. शिफारस करून साहेब तिकडून गेले असावेत, असे त्याने अनुमान काढले.

"स्वतःची ओळख करून द्या," बाई म्हणाल्या. "घर, शिक्षण, आणि तुम्हाला घडवणारा एखादा प्रसंग."

तो निःशंकपणे बोलू लागला. बोटांच्या खळीशी येताच दोघा सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. सोळा पानांशी येताच एकाने लेखणी खाली ठेवली. साहेबांचा शब्द पोहोचलेला आहे, हे ताडून त्याला अधिकच धीर आला. चाळीस पुस्तकांची हकीकत त्याने एक अक्षरही न गाळता सांगितली, आणि 'तू बस, फक्त बघ' हे तर थेट वडिलांच्याच सुरात म्हटले.

बाईंनी त्याचा अर्ज बाजूस सारला.

"मघाचे गृहस्थ हेच सांगताना रडले, आणि जागा आम्ही त्यांना दिली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "दाराला कान लावून ऐकलेलं पाठ म्हणता येतं हो. पण निदान वडील तरी स्वतःचे सांगावेत."